नळीमागच्या काळ्या रेघा : एका संशोधिकेचं आणि तिच्या विद्यार्थिनीचं प्रकरण

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका अनुदानित महाविद्यालयात, जीवरसायनशास्त्र विभागात घडलेलं हे प्रकरण आहे. मुख्य व्यक्ती दोनच. परदेशात संशोधन करून परत आलेल्या एक प्राध्यापिका, आणि त्यांच्याकडे तेव्हा एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली, पावरा या आदिवासी समाजातली एक विद्यार्थिनी. दोघींनी लिहायला संमती दिली, लिहिलेलं वाचलं आणि काही ओळी काढायला लावल्या. त्या मी काढल्या. नावं, गावं, महाविद्यालय काहीच सांगत नाही, कारण यात रक्ताची माहिती आहे आणि आपल्याकडे अशी माहिती लग्नाच्या बैठकीपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. मी त्याच महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे बरंचसं समोर घडलेलं आहे. उरलेलं दोघींनी सांगितलं.

लिहायचं कारण एकच. शास्त्रज्ञाची कारकीर्द म्हटली की आपण पदव्या, पेपर आणि परदेश मोजतो. विद्यार्थ्यांना मार्गदर्शन म्हटलं की प्रेरणेची भाषणं करतो. खरा कस लागतो तो वेगळ्या जागी: विद्यार्थी कोणाच्या प्रश्नावर काम करतो, आणि त्याच्याकडून काय घ्यायचं नाही हे मार्गदर्शकाने ठरवलंय का. या प्रकरणात ही दोन्ही गोष्टी एका सकाळी एकदम समोर आल्या.

मॅडमचा रस्ता

मॅडम चोपडा तालुक्यातल्या. घर केळी-कापसाचं. रात्रीची लाइट आली की वडील पाणी द्यायला शेतात जायचे आणि ही मुलगी ओट्यावर अभ्यासाला बसायची. बीएस्सी तालुक्याच्या गावी झालं, एमएस्सी जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात. हे विद्यापीठ १९९० चं. त्याआधी जळगाव-धुळ्याची महाविद्यालयं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव त्याला २०१८ मध्ये मिळालं. घरापासून बसने जाता येईल एवढ्या अंतरावर विद्यापीठ नसतं, तर मॅडमचं शिक्षण बीएस्सीलाच थांबलं असतं, असं त्या स्वतः सांगतात. एमएस्सीला नाव घातल्यावर आईने विचारलं होतं, "शिकीसन काय करशी?" त्या प्रश्नात विरोध नव्हता. आईला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, आणि उत्तर मॅडमकडेही नव्हतं.

दुसऱ्या प्रयत्नात नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा निघाली, जेआरएफ म्हणजे संशोधनासाठीची दरमहा फेलोशिप मिळाली आणि पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएचडी सुरू झाली. तिथे त्यांना एक गोष्ट कळली, जी त्या आजही प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच आठवड्यात सांगतात. शहरातल्या मुलांना बीएस्सीला असतानाच ठाऊक होतं की उन्हाळ्यात दोन महिने मोठ्या संस्थेत काम करता येतं, देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून त्यासाठी शिष्यवृत्ती देतात, आणि शास्त्रज्ञाला थेट ईमेल लिहिता येतो. यातलं काहीच गुप्त नव्हतं. फक्त मॅडमच्या वर्गापर्यंत आलं नव्हतं.

पीएचडीचा विषय हिमोग्लोबिन. पुढे अमेरिकेत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, गर्भातल्या हिमोग्लोबिनवर. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं. जन्मानंतर काही महिन्यांत ते कमी होत जातं आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन त्याची जागा घेतं. हा बदल घडवून आणण्यात 'बीसीएल११ए' या जनुकाचा मोठा हात आहे, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकलं तर त्रास कमी होतो, म्हणून हा बदल घडवणाऱ्या बटणाला हात घालायचा, असा सगळा विचार. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेला 'कॅसजेवी' हा जनुक-संपादनाचा उपचार याच विचारातून आला. मॅडम होत्या तेव्हा काम उंदरांवर आणि पेशींवर चाललं होतं.

परत का आलात, असं लोक विचारतात तेव्हा त्या दोन कारणं देतात आणि दोन्ही खरी आहेत. एक, कायमची नोकरी हवी होती. राष्ट्रीय संस्थांमध्ये अर्ज केले, मुलाखती दिल्या, परत येणाऱ्या शास्त्रज्ञांसाठीच्या फेलोशिपलाही अर्ज केला, पण जमलं नाही. मग या महाविद्यालयाची जाहिरात निघाली. दुसरं कारण त्यांच्याच शब्दांत: "ज्या आजारावर मी इतकी वर्षं काम केलं त्याचा एकही रुग्ण मी पाहिला नव्हता. आणि माझ्या घराच्या गच्चीवरून सातपुडा दिसतो." सत्कारात त्यांच्या येण्याला 'त्याग' म्हटलं जातं. मला ते पटत नाही. माणूस पोटासाठी आणि प्रश्नासाठी परत येऊ शकतो, त्याला त्याग म्हणून झाकायची गरज नाही.

इथे आल्यावर आठवड्याला सोळा तास शिकवणं, पेपर तपासणं, महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी नॅकच्या फायली. प्रयोगशाळेत एक सेंट्रिफ्यूज, एक स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि उणे वीसचा एक फ्रीजर, त्यालाही इन्व्हर्टर जोडून घ्यायला एक आख्खं शैक्षणिक वर्ष गेलं. जनुक-संपादनाचा विचार बाजूला ठेवून त्यांनी हाताशी येईल असा विषय घेतला: सातपुड्यातल्या सिकलसेल रुग्णांच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन किती आहे आणि त्याचा त्रासाशी काय संबंध. आमच्याकडे मानवी संशोधनाची नैतिक समिती नव्हती, म्हणून एका वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर प्रस्ताव केला आणि त्यांच्या समितीकडून मंजुरी घेतली.

चाचणी

पुढचं समजायला या आजाराची थोडी ओळख हवी. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असतं. सिकलसेलमध्ये तिथे व्हॅलिन येतं. एवढ्या फरकाने प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. पेशी बारीक वाहिन्यांत अडकल्या की सांधे आणि हाडं ठणकतात. आई-वडील दोघांकडून हा जनुक आला तर रुग्ण, म्हणजे आरोग्य खात्याच्या बोलीत 'एसएस'. एकाकडूनच आला तर वाहक, 'एएस'. वाहकाला बहुधा काहीच होत नाही.

लोक मात्र 'एएस' आणि 'एसएस' यांत फरक करत नाहीत. दोन्हीला 'सिकल निघालं' म्हणतात. मी वर्गात हे आकड्यांनी दाखवतो. समजा एखाद्या समाजात शंभरात वीस जण वाहक आहेत. जनुकं पिढ्यांमध्ये कशी वाटली जातात ते सांगणाऱ्या हार्डी-वाइनबर्गच्या नियमाने हिशोब केला तर रुग्ण शंभरात एकाच्या थोडेसे वर येतात. म्हणजे चाचणीत ज्यांचं 'निघतं' त्यातले बहुसंख्य लोक धडधाकट असतात आणि आयुष्यभर तसेच राहतात. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट आहे. एवढ्या मोठ्या संख्येने तपासणी होणार असेल तर हा फरक घरोघरी कळायलाच हवा.

तपासणीची पहिली पायरी म्हणजे सोल्युबिलिटी, विद्राव्यतेची चाचणी. छोट्या नळीत फॉस्फेट बफर, सॅपोनिन आणि सोडियम डायथायोनाइट यांचं द्रावण घ्यायचं, त्यात बोटातल्या रक्ताचा बारीक थेंब टाकायचा. सॅपोनिन पेशी फोडतं, डायथायोनाइट प्राणवायू काढून घेतं. पाच मिनिटांनी नळी काळ्या रेघा छापलेल्या कार्डासमोर धरायची. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण ताकासारखं गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही, त्यासाठी पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. रक्त फार कमी असलेल्या माणसात ती चुकीने निगेटिव्ह येऊ शकते, आणि सहा महिन्यांखालच्या बाळात तिच्यावर विसंबता येत नाही.

त्या सकाळी काय झालं

२०२३ च्या पावसाळ्यात तिसऱ्या सत्राच्या मुला-मुलींना ही चाचणी शिकवायची होती. मॅडमचा बीएस्सीचा तास होता. सराव घेणाऱ्या सहायकाने नवं द्रावण तयार केलं आणि सांगितलं, आपापल्या बोटाचं रक्त घ्या. त्याचा हेतू वाईट नव्हता. रक्तगटाच्या प्रॅक्टिकलला सगळीकडे हेच चालतं, बारावीपासून मुलं स्वतःचं बोट टोचत आलेली असतात.

सगळ्यांच्या नळ्यांमागे रेघा दिसल्या. त्या पावरा विद्यार्थिनीच्या नळीमागे दिसेनात. तिला वाटलं थेंब मोठा पडला. तिने दुसरं बोट टोचलं, माप नीट घेतलं, घड्याळ लावलं. पुन्हा तेच. शेजारचा मुलगा मोठ्याने बोलून गेला, "अरे, हिचं पॉझिटिव्ह आलं!" सहायकाने तोवर वहीत नावांसमोर निकाल लिहायला सुरुवात केली होती.

मॅडम आल्या तेव्हा वर्ग गप्प होता. त्यांनी आधी वही घेतली, ते पान काढून स्वतःकडे ठेवलं. मग सगळ्यांना सांगितलं की आज दिसलं तो सरावाचा निकाल आहे, कोणाच्याही तब्येतीचा नाही, आणि तो या खोलीबाहेर न्यायचा नाही. नंतर त्यांनी जे केलं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. त्यांनी तिला केबिनमध्ये नेलं नाही. केबिन स्टाफरूमच्या पलीकडे आहे, तिथवर चालत जाताना सगळ्यांनी पाहिलं असतं. त्यांनी तिला तिथेच बसू दिलं आणि बाकीच्यांना सोडलं.

दोघींचं बोलणं तासभर चाललं. मॅडमनी एवढंच सांगितलं: ही चाचणी वाहक की रुग्ण हे सांगत नाही. तू लहानपणापासून घाट चढत-उतरत वाढलीस, कधी फारशी आजारी नाहीस, म्हणजे बहुधा वाहक असशील. पक्की तपासणी करायची की नाही, कधी करायची, कोणाला सांगायचं, हे तू ठरवायचं. ती म्हणाली, आमच्यात हा दोष आहे असं लोक म्हणतात. तेव्हा मॅडमनी तिला मलेरियाचं सांगितलं. अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवलं होतं की वाहकांना मलेरियापासून बरंचसं संरक्षण मिळतं. जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता, तिथेच हा जनुक टिकला. तिच्या पूर्वजांपैकी काही जण कदाचित याच्याचमुळे वाचले असतील.

त्यावर तिने विचारलं ते स्वतःबद्दल नव्हतं. "मॅडम, माझ्या भावाचे सांधे दुखतात ते यानेच का?"

भाऊ तेरा वर्षांचा, आश्रमशाळेत. दुखायला लागलं की इंजेक्शन देऊन परत पाठवायचे. आई-वडील दिवाळीनंतर मजुरीसाठी गुजरातेत जातात, म्हणून त्याआधी तपासणी करायचं तिने स्वतः ठरवलं. सरकारी रुग्णालयात दोघांची तपासणी झाली. ती एएस निघाली, भाऊ एसएस. त्याला फॉलिक अॅसिड आणि हायड्रॉक्सियुरिया सुरू झालं. हे औषध गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवतं, म्हणजे मॅडमनी अमेरिकेत ज्या गोष्टीवर काम केलं तीच गोष्ट आता गोळीच्या रूपात त्या मुलाच्या हातात होती. ताप आला की थांबायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं, थंडीत भिजायचं नाही, हे आश्रमशाळेच्या अधीक्षकांना समजावायला मॅडम आणि ती दोघी गेल्या. सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत येतो. त्यामुळे प्रमाणपत्राचा अर्जही तेव्हाच भरला.

विभागातला वाद

विभागात यावर बैठक झाली. एका ज्येष्ठ सहकाऱ्याचं म्हणणं होतं की मुलीला या विषयातून काढा, मनावर परिणाम होईल, दुसरा एखादा सोपा विषय द्या, वनस्पतींचे अर्क वगैरे. दुसऱ्याचं म्हणणं नेमकं उलट: ही तर प्रकल्पासाठी लाखमोलाची मुलगी आहे. पावरी बोली येते, गावात ओळख आहे, लोक तिला नमुने देतील. आता तर एकाच घरात एएस आणि एसएस दोन्ही आहेत, ते कुटुंबच अभ्यासात घ्या.

दुसरं म्हणणं ऐकायला गोड वाटतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. आपल्याकडे आदिवासी विद्यार्थी संशोधनात शिरतो तो बहुतेकदा दुभाष्या म्हणून. तो नमुने आणतो, अर्ज भरून घेतो, पेपरच्या शेवटी आभारांत त्याचं नाव येतं. प्रश्न दुसऱ्याचा राहतो.

मॅडमनी दोन्ही सूचना नाकारल्या. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत विद्यार्थी आणि हाताखालची माणसं ही असुरक्षित गटात धरली आहेत, कारण त्यांना 'नाही' म्हणणं अवघड असतं. त्याचा आधार घेऊन त्यांनी लेखी ठरवलं की ती आपली विद्यार्थिनी असेपर्यंत तिच्या कुटुंबाचा एकही नमुना आपल्या अभ्यासात येणार नाही. गावात दुभाष्याचं काम तिने केलंच, तर त्याचे पैसे प्रकल्पातून मिळतील आणि त्या कामाचा तिच्या डेझर्टेशनशी, म्हणजे एमएस्सीच्या प्रबंधाशी, काही संबंध राहणार नाही. विषय बदलायचा की नाही, ते ती ठरवेल. बोट टोचून सराव करायची पद्धत त्या दिवसापासून बंद. सरावासाठी वैद्यकीय महाविद्यालयातून निनावी, माहीत असलेले नमुने येतील. वर्गासमोर त्यांनी हेही सांगितलं की जे घडलं त्याची जबाबदारी विभागप्रमुख म्हणून माझी आहे, सहायकाची नाही.

मी मॅडमच्या बाजूने होतो, आणि माझं कारण कोरडं होतं. एका कुटुंबाने अभ्यासाची ताकद वाढत नाही. विश्वास गेला तर पुढची पन्नास कुटुंबं जातात.

तिचा प्रश्न

ती काही दिवस आली नाही. आली तेव्हा एक निरीक्षण घेऊन आली. आदल्या उन्हाळ्यात ती धडगावकडच्या तपासणी शिबिरांत बोलायला मदत म्हणून गेली होती. तिच्या लक्षात आलं होतं की सकाळी नळी गढूळ होते ती स्पष्ट होते, दुपारनंतर मात्र काही नळ्या धड गढूळ नाहीत, धड स्वच्छ नाहीत. तंत्रज्ञ मग रेघांकडे बराच वेळ बघत बसतो आणि शेवटी काहीतरी लिहितो. द्रावण मोटरसायकलच्या डिकीत आलेलं असतं, बर्फ दहा वाजताच वितळलेला असतो, आणि मे महिन्याचं ऊन खानदेशात कसं असतं ते वेगळं सांगायला नको. "मॅडम, दुपारी ज्यांचं निगेटिव्ह लिहिलं त्यांचं खरंच निगेटिव्ह होतं का?"

मॅडमनी तिला हा प्रश्न मराठीत दहा ओळींत लिहून आणायला सांगितलं. ते पान मी पाहिलं आहे. पहिल्या खेपेला 'द्रावण खराब होते' असं लिहिलं होतं. मॅडमनी खाली पेन्सिलने विचारलं: खराब म्हणजे काय? कसं मोजणार? कोण मोजणार? दुसऱ्या खेपेला तेच वाक्य असं झालं: 'वेगवेगळ्या तापमानात ठेवलेल्या द्रावणाने ज्ञात पॉझिटिव्ह नमुना किती तासांनंतर निगेटिव्ह वाचला जातो?' हा बदल तिचा तिने केला. मला विचाराल तर त्या क्षणी ती संशोधक झाली. नेट, पीएचडी हे सगळं नंतरचं.

मग ती माझ्याकडे आली. काही द्रावण फ्रीजमध्ये, काही खोलीत, काही उन्हाळ्याएवढ्या तापमानाच्या पेटीत, अशी मांडणी ठरली. नळ्यांवर मी सांकेतिक क्रमांक घातले. वाचणारे दोघे, एकमेकांपासून वेगळे, आणि कोणती नळी कुठली हे दोघांनाही माहीत नाही. दोघांचं किती जुळतं तेही मोजायचं. ती एकदा म्हणाली की काही नळ्या बघताच तिला कळतं कुठल्या आहेत, म्हणून तिने स्वतः वाचणं सोडलं आणि दुसऱ्या विभागातली दोन मुलं बसवली. हे तिला कोणी सुचवलं नव्हतं.

निकालाने जग हललं नाही. उष्णतेत राहिलेल्या द्रावणाचा गढूळपणा कमी झाला आणि वाचणाऱ्यांची मतं जास्त वेळा फाटली. ओलसर हवेत आणि उष्णतेत डायथायोनाइट टिकत नाही, हे रसायनशास्त्राच्या पुस्तकात आहेच. पण शिबिराच्या पथकाने यानंतर डायथायोनाइट कोरडं, मोजून छोट्या बाटल्यांत न्यायला आणि जागेवर बफरमध्ये मिसळायला सुरुवात केली. तिने आविष्कार या विद्यार्थी संशोधन महोत्सवाच्या विद्यापीठ फेरीत पोस्टर मांडलं, पहिलं नाव तिचं. पैसे भरा, आठवड्यात पेपर छापतो, अशा ईमेल यायला लागल्या. मॅडमनी त्या तिला दाखवून पुसून टाकल्या. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनंतर पीएचडीसाठीही पेपरची सक्ती राहिलेली नाही, एमएस्सीच्या मुलीने असल्या ठिकाणी छापून काय मिळवायचं?

पुढची वाट

मॅडमकडे एक जाड वही आहे. कुठली परीक्षा, अर्ज साधारण कधी निघतो, फी किती, कोणाला माफ, कुठली कागदपत्रं आधीच काढून ठेवायची. जात पडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला यांवर लाल खूण. आमच्या मुलांचे अर्ज बुद्धीपेक्षा दाखल्यांपायी जास्त राहतात. ही वही कोणीही उघडू शकतो.

ईमेल कसा लिहायचा ते मॅडम शेजारी बसून शिकवतात. तिच्या पहिल्या मसुद्यात 'आपल्या नामांकित प्रयोगशाळेत काम करण्याची मला तीव्र इच्छा आहे' असं होतं आणि तोच मजकूर चाळीस जणांना जाणार होता. मॅडमनी तो तीन वाक्यांवर आणला: मी काय केलं, तुमचं काय वाचलं आणि त्यातून मला काय प्रश्न पडला, आणि मला काय हवंय. प्रत्येकाला वेगळा. दिवसाला एक. मुलाखतीचा सराव आधी मराठीत घेतला, विषय डोक्यात पक्का बसल्यावर इंग्रजीत. इंग्रजीत अडखळणारी मुलगी विषयात अडखळते असं परीक्षकाला वाटू नये, म्हणून ही पद्धत.

एमएस्सी झाल्यावर तिने एका संशोधन प्रकल्पात वर्षभर नोकरी केली. घरी पैसे पाठवायचे होते. मधे एक स्थळ आलं, तिने आपलं एएस असणं स्वतःच सांगितलं आणि मुलाच्या तपासणीचा विषय काढला. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक असते, एकच वाहक असेल तर बाळ एसएस होत नाही. तिकडून उत्तर आलं नाही. तिला त्याचं वाईट वाटलं, पण तो विषय तिने तिथेच सोडला.

नेट निघाली, जेआरएफ नाही. २०२४ पासून नियम बदलले आहेत, जेआरएफ नसली तरी त्या गुणांवर पीएचडीला प्रवेश घेता येतो. प्रवेश मिळाला तरी पोट कसं भरायचं हा प्रश्न उरतो. जेआरएफची रक्कम २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, ती असणं आणि नसणं यात एका घराचा फरक आहे. आदिवासी मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिप दरवर्षी ७५० जणांना मिळते, तिला तिने अर्ज केला आहे.

आता मॅडम आणि माझ्यात जिथे मतभेद आहे ते सांगतो. मॅडमना पीएचडीचे विद्यार्थी घ्यायची मान्यता आहे. तिला आपल्याकडेच घ्या, भाऊ जवळ राहील, घरभाडं वाचेल, असं मी सुचवलं. मॅडमनी नकार दिला. त्यांचं म्हणणं, माझ्याकडे राहिली तर ती कायम माझी विद्यार्थिनी राहील, आणि सातपुड्यातलं माझं काम आपोआप तिच्यावर येऊन पडेल. तिने दुसरी प्रयोगशाळा पाहायला हवी, जिथे ती पावरी बोलते हे कोणाला माहीतही नसेल. मुलीला हा नकार लागला. मलाही तो कठोर वाटतो. शहरातली पाच-सहा वर्षं फेलोशिपशिवाय काढायची म्हणजे काय, ते मॅडमना जेआरएफ असताना कळलं नसेल, असं मी त्यांना तोंडावर बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, मत बदललं नाही.

मॅडमच्या स्वतःच्या कारकिर्दीला याची किंमत पडली, हेही नोंदवायला हवं. गर्भातल्या हिमोग्लोबिनचा त्यांचा अभ्यास रेंगाळला, कारण त्या वर्षीचा वेळ दुसऱ्याच्या प्रश्नात गेला. पदोन्नतीच्या फायलीत एमएस्सीच्या डेझर्टेशनला वजन नसतं, आणि आश्रमशाळेत जाऊन अधीक्षकांशी बोलण्याचा तर रकानाच नाही. वैद्यकीय महाविद्यालयाबरोबरचं काम आता पुन्हा सुरू झालंय, रुग्णांची नोंदणी चालू आहे. संमतीपत्र मराठीत होतं, ते आता पावरीत वाचून दाखवून ध्वनिमुद्रित केलं जातं. ते वाचणारी व्यक्ती ती नाही, त्यासाठी मॅडमनी पगारावर दुसरी व्यक्ती नेमली आहे.

तिच्या भावाचं औषध चालू आहे, ठरल्या वेळी रक्ताची तपासणी होते, आणि या वर्षी शाळा पूर्वीपेक्षा बरीच कमी बुडाली. तिने पुण्यातल्या दोन प्रयोगशाळांना लिहिलं आहे. एकीकडून मुलाखतीचं बोलावणं आलं आहे, दुसरीकडून अजून उत्तर नाही.